कुंकू लावलेला हेडफोन

नव्या प्लास्टिकचा वास आला की मला जयनगरमधलं ते छोटं दुकान आठवतं. शिकायला बेंगळुरूला आल्यावर मी भारी ब्रँडचा म्हणून ऑनलाइन हेडफोन मागवला होता. आईने फोनवरून सांगितलं म्हणून त्याला कुंकूही लावलं. आठवड्यात त्याची एक बाजू बंद पडली, म्हणून दुरुस्तीला त्या दुकानात नेला. दुकानदार अण्णांनी नखाने नावाचं स्टिकर खरवडलं, भिंतीवर टांगलेला तस्साच बिननावाचा हेडफोन दाखवला आणि हसून म्हणाले, "इसका पूजा भी किया क्या?" मीही हसलो. बाहेर पडतो तोच आईचा फोन. "चांगला निघाला ना रे?" त्या अख्ख्या रस्त्यावर खरं सांगावं असं माझं दुसरं कोणी नव्हतं, आणि तिला सांगवेना. "हो," म्हणालो. आता धाकटी कॉलेजला निघालीय. आई म्हणते, "हिलाही तुझ्यासारखाच मागव."