मंगळवारचा थोटा देव

आधी पंतुलुगारूंचं सांगतो, मग बाकीचं. पंतुलुगारू म्हणजे तेलुगूत गुरुजी. खरं नाव लिहीत नाही. "माझं नाव घातलंस तर तुझ्या चुकांची जबाबदारी माझ्यावर येईल," असं त्यांनी बजावलं आहे. सिकंदराबादच्या एका मिशन शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले हे तेलुगू गृहस्थ. हैदराबादेत, गौलीगुड्यात आमच्या वकीलसाहेबांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत. मी त्या घरचा आचारी. आज मी रेल्वेच्या मालधक्क्यावर डब्यांच्या चिठ्ठ्या लिहितो. उन्हात उभं राहावं लागतं, पण हातात झारा नाही, पेन्सिल आहे. ती त्यांनी दिली.

मी कोकणातला. वडील गेले तेव्हा मराठी पाचवी अर्धी झाली होती, ती अर्धीच राहिली. मोठा झाल्यावर एका लांबच्या मामांनी मला हैदराबादेत आणून सोडलं. "तिथं आपली माणसं मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, त्यांना आपल्या हातचं जेवण लागतं," असं ते म्हणाले होते. हुद्दे खरोखरच मोठे होते. भूक हुद्द्याला शोभेल अशी होती.

त्या घरात वार म्हणजे वार नव्हता, उपास होता. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, शुक्रवार देवीचा, हे बाईसाहेबांचे. गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा, हे वकीलसाहेबांच्या विधवा बहिणीचे, म्हणजे आक्कांचे. रविवारी दोघी सूर्यासाठी आळणी जेवत. बुधवार तरी सुटला असेल म्हणावं, तर त्या दिवशी हकिमाने वकीलसाहेबांच्या पोटाला पातळ खिचडी सांगितलेली. म्हणजे आठवड्याचे सात दिवस दोन स्वयंपाक. एक देवाला भिणाऱ्यांचा, एक न भिणाऱ्यांचा.

न भिणारे एकटे वकीलसाहेब. ते सुधारक होते. पाटावर बसले की सुधारणा सुरू होई. "इंग्रजाचा वार बघा. ट्यूजडे म्हणजे ट्यूजडे. त्यात देव नाही, सोवळं नाही, साबुदाणा नाही. म्हणून ते राज्य करतात आणि आपण उपास करतो." मी मान डोलवत असे. इंग्रजांबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि डोलणाऱ्या मानेला कोणी कामावरून काढत नाही एवढं ठाऊक होतं.

रेल्वेच्या मालधक्क्यावर माणसं नेहमीच लागतात, इंग्रजीत वार आणि स्टेशनांची नावं लिहिता आली म्हणजे झालं, असं मला बेगम बाजारात सामान आणताना कळलं. पंतुलुगारू फुकट शिकवायला तयार होते. अडचण दुपारची होती. दुपारी एका पंगतीची भांडी निघेपर्यंत दुसऱ्या पंगतीचं वाटण सुरू होई. मी चार दिवस धीर गोळा केला आणि वकीलसाहेबांना म्हणालो, "आठवड्यातून एक दुपार मिळाली तर उपकार होतील."

ते हसले. "कोणता वार? सोमवार? शंकर रागावेल. शनिवार? मारुती. तू असं कर, ज्या वारावर कोणत्याही देवाचा हक्क नाही असा एक वार शोधून आण. त्या दिवसाची दुपार तुझी. शब्द देतो."

मी आनंदाने मागच्या खोलीकडे धावलो. देव नसलेले सात वार तर त्यांनी स्वतःच रोज पाटावर बसून सांगितले होते!

"इंग्रजी वार घेतो," मी पंतुलुगारूंना म्हणालो. "त्यात देव नाहीत."

"अय्यो," ते म्हणाले. "कोण बोला तुझे?"

मग त्यांनी एकेक देव बाहेर काढला. संडे सूर्याचा, मंडे चंद्राचा. ट्यूजडे हा टीर नावाच्या उत्तरेकडच्या एका देवाचा. देवांना एक दांडगा लांडगा बांधायचा होता. लांडगा म्हणाला, दगा होणार नाही याला जामीन म्हणून कोणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा. याने ठेवला. लांडगा बांधला गेला आणि देवाचा हात गेला. वेन्सडे एका एकाक्ष देवाचा. शहाणपणाच्या विहिरीतलं घोटभर पाणी मिळावं म्हणून त्याने एक डोळा काढून दिला. थर्सडे हातोडेवाल्याचा. त्याची गाडी दोन बोकड ओढत. रात्री तो तेच बोकड कापून खाई आणि सकाळी हाडांवर हातोडा धरला की ते पुन्हा जिवंत. आचारी म्हणून मला त्या देवाचा हेवा वाटला. फ्रायडे त्यांच्या राणीचा, ती ढगांचं सूत काढते म्हणे.

"आणि सॅटर्डे?" मी घाबरतच विचारलं.

"तो रोमन लोकांचा. शनीच आहे."

साडेसाती सातासमुद्रापलीकडेही सुटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझी दुपार गेली.

हैदराबादेत तेव्हा कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवारी असे, म्हणून पुढच्या शुक्रवारी वकीलसाहेबांकडे एक निवृत्त मुन्सिफ जेवायला आले. शहरातल्या जुन्या घराण्यातले, कमी बोलणारे, जास्त जेवणारे. वकीलसाहेबांनी त्यांना इंग्रजी वारांचं आख्यान लावलं आणि मी वाढायला वाकलो तेव्हा करमणूक म्हणून विचारलं, "काय आचारी, सापडला का बिनदेवाचा वार?"

"नाही," मी म्हणालो. "इंग्रजीतसुद्धा नाही."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मुन्सिफसाहेबांनी "हौ? वो कैसे?" असं विचारलं आणि मी भाताचं भांडं हातात धरून थोटा, एकाक्ष आणि बोकडखाऊ असे तिन्ही देव सांगून टाकले. गुरुवारी बोकड ऐकून आतून आक्कांनी "शिव शिव" केलं.

वकीलसाहेबांचा घास हातातच राहिला. "हे तुला कोणी भरवलं? बोलवा त्या पंतुलूला."

मला वाटलं, माझी नोकरी जाईल, पंतुलुगारूंची खोलीही जाईल, आणि दोन्ही माझ्या तोंडामुळे. पंतुलुगारू मात्र विटेसारखा जाड शब्दकोश काखेत मारून शांतपणे आले आणि उभ्याउभ्या वाचून दाखवू लागले. वकीलसाहेबांनी तो हिसकून पाहिला. छापील होतं. छापील इंग्रजीला ते उलट बोलत नसत.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग अट तशीच. बिनदेवाचा वार नाही, दुपार नाही."

तेव्हा पंतुलुगारू मुन्सिफसाहेबांकडे वळले. "साब, या ट्यूजडेच्या देवाला आज कोण पुजतं?"

"कोण?"

"कोणीच नाही. सगळे भक्त कधीच ख्रिस्ती झाले. हजार वर्षांत कोणी हक्क सांगितला नाही."

मुन्सिफसाहेबांचे डोळे चमकले. बऱ्याच दिवसांत त्यांच्यापुढे खटला आला नव्हता. "बारा बरस कोई दावा न करे तो हक जाता है, मियाँ. यहाँ तो हजार. शिवाय ज्याचा हातच गेला तो धरून काय ठेवणार? मंगळवार बेवारस. आचाऱ्याला द्या."

"तो इंग्रजांचा मंगळवार!" वकीलसाहेब उसळले. "माझ्या घरी मंगळवारी गणपतीचा उपास असतो. दोन स्वयंपाक असतात."

दाराआडून बाईसाहेब बोलल्या. पाहुण्यांसमोर बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"अहो, मंगळवारी मी पेलाभर दूध घेते. साबुदाण्याचे वडे, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, हे तुम्हाला लागतं. आधी उपासाचं खाता, मग वरणभात जेवता, आणि मग आमच्या उपासाला हसता."

मुन्सिफसाहेबांनी पानातला वडा अर्धा उरला होता तो हळूच तोंडात टाकला.

"बरं, बरं," शेवटी वकीलसाहेब म्हणाले. "मंगळवारची दुपार घे. पण वडे सकाळी तळून ठेवायचे."

त्यांनी गणपती सोडला, टीर सोडला, वडा सोडला नाही. मी वाकून नमस्कार केला. खरं सांगतो, मनापासून केला. मला हसू दुसऱ्या दिवशी आलं.

त्यानंतर वर्षभर दर मंगळवारी मी मागच्या खोलीत बसलो. पंतुलुगारू रागावत फार. चुकलो की डोक्यावर पट्टी मारत आणि मग स्वतःच विचारत, "लागलं का?" मालधक्क्यावरच्या बाबूने मला सात वार आणि वीस स्टेशनं लिहायला सांगितली तेव्हा मी पेन्सिल इतकी दाबली की दोनदा टोक मोडलं. पण चूक एकही नव्हती. वकीलसाहेब आता पाहुण्यांना सांगतात, "आमच्याच घरी शिकला तो. मीच दुपार देत होतो." सांगू देत. दिली होती हे खोटं नाही.

पंतुलुगारू थकले आहेत. परवा भेटायला गेलो तेव्हा बोलता बोलता कळलं की या माणसाने जन्मात समुद्र पाहिलेला नाही. इंग्रजी कवितांतले समुद्र त्यांनी पोरांना शिकवले, तेवढेच. मला रेल्वेचा पास मिळतो, पण त्यात आई बसते, बायको बसते, गुरू बसत नाही. मी बाबूला दोनदा विचारून घाबरत खात्री करून घेतली. तेव्हा त्यांचं तिकीट मीच काढीन. त्यांना कोकणात आमच्या घरी नेईन, आईच्या हातचं जेवायला घालीन, आणि भरतीच्या वेळी वाळूवर खुर्ची टाकून देईन. ते नको म्हणतील, नक्को नक्को करतील. पण नेईन.