गाडीतली कुईकुई

माझ्या आईने एकतीस वर्षं लोकांच्या टेलिफोनमधली खरखर ऐकली. एक्स्चेंजच्या पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली होती, तिथे तिचं टेस्ट डेस्क. डाव्या कानाला हेडफोन, पुढ्यात वायरींचं जंजाळ आणि तक्रारींच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. कुणाचा फोन मुका, कुणाच्या फोनवर शेजारच्यांचं भांडण ऐकू येतंय, कुणाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. आई ती लाइन जोडून घ्यायची, दोन मिनिटं ऐकायची आणि लाइनमनला सांगायची, "खांबावर चढू नका. कोपऱ्यावरच्या डब्यात पाणी गेलंय, तो उघडा." लाइनमन डबा उघडायचा आणि पाणी निघायचं. तिथे सगळे तिला 'कानवाल्या बाई' म्हणत. साहेबसुद्धा म्हणत, फक्त ती पाठमोरी असताना.

पुढे संगणक आले, टेस्ट डेस्क उचलून कोठारात गेलं. शेवटची चार वर्षं आईने अर्जांवर शिक्के मारले आणि निवृत्त झाली. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. येताना एक मंद झालेला डावा कान घेऊन आली. हेडफोनने तो खाल्ला होता.

माझ्या नवऱ्याला हे अर्धवटच कळलं. सासूबाईंना ऐकू येत नाही, एवढंच त्याने धरलं. तो रोज सकाळी स्वयंपाकघरातून ओरडायचा, "आई! चहा! घेणार! का!" आई शांतपणे म्हणायची, "घेईन की." मी एकदा तिला म्हटलं, "अगं, सांग ना त्याला, उजवा कान ठणठणीत आहे म्हणून." ती म्हणाली, "असू दे गं. सासूवर इतक्या प्रेमाने ओरडायला कुठल्या जावयाला मिळतं?"

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काम करतो. काच घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. त्यामुळे गाडीतली वायरिंग म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असा त्याचा समज झाला. त्याने कुणाकडून तरी वापरलेला अँप्लिफायर आणला, एक मोठा स्पीकरचा खोका आणला, व्हिडिओ बघून दोन रविवार इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गालिचा उचकटून घाम गाळला आणि तिसऱ्या रविवारी मला खाली बोलावलं. "बस. डोळे मीट," म्हणाला.

मी डोळे मिटले. गाणं सुरू झालं, आणि त्याच्यासोबत एक बारीक कुईकुईसुद्धा. त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला तशी ती चढली, सोडला तशी उतरली. कुणीतरी कुत्र्याच्या पिल्लाची शेपटी दाराखाली चिमटावी तसं. एवढ्या मोठ्या खोक्यातून ढोलाचा आवाज येत होता तो पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा. आवाज वाढवला तर अँप्लिफायरवर लाल दिवा लागला आणि सगळंच बंद पडलं. दहा सेकंदांनी पुन्हा आपोआप सुरू. पुन्हा बंद.

"छान आहे," मी म्हणाले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, एवढं खोटं बोलता येतं.

तो गाडी घेऊन गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेला. तिथल्या मिस्त्रीने डिकीतला गालिचा दोन बोटांनी उचलला, आत बघितलं आणि मेलेला उंदीर दिसावा तसा सोडून दिला. "घरी केलंय का?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "अँप्लिफायर गेलाय. सगळं उपटून नवीन बसवावं लागेल."

नवरा घरी आला तो तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी त्याने गाडीतल्या गाण्याच्या बटणावर काळी टेप चिकटवून टाकली. माझी नणंद दर फोनला विचारायची, "काय रे दादा, वाजतंय का तुझं?" तो म्हणायचा, "काम चालू आहे." काम काहीच चालू नव्हतं.

तीन आठवडे असे गेले. मग एका गुरुवारी आईला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ती पुढे बसली, मी मागे. आईचं लक्ष टेपकडे गेलं.

"ही कसली पट्टी?"

"आई! ते! खराब! आहे!"

"लावा बघू."

तो नको नको म्हणत होता, पण सासूपुढे किती वेळ म्हणणार? टेप काढली, बटण दाबलं. गाणं आलं, कुईकुई आली. आईने मान वळवून उजवा कान पुढे केला आणि डोळे मिटले. हा चेहरा मी लहानपणी पाहिलेला होता. शाळा सुटल्यावर मी एक्स्चेंजमध्ये जाऊन बसायचे, तेव्हाचा. पुढे सिग्नल लागला होता.

"अ‍ॅक्सिलरेटर दाबा जरा," ती म्हणाली. "सोडा. पुन्हा दाबा. हं. बंद करा आता." मग डोळे उघडून म्हणाली, "जावईबापू, तुमच्या मशीनला काही झालंय असं मला वाटत नाही. अर्थिंग वाईट दिसतंय. आणि माझा उजवा कान चांगला आहे बरं का. ओरडू नका, शेजारच्या गाडीतली माणसं बघतायत."

नवरा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मी मागे तोंडावर रुमाल धरला.

डॉक्टरांनी डावा कान आणखी उतरल्याचं सांगितलं. आईने ते कितपत मनावर घेतलं कोण जाणे, कारण परत येताना तिने एकच प्रश्न विचारला, "घरी मीटर आहे का, व्होल्ट मोजायचं?"

रविवारी सकाळी ती पार्किंगमध्ये आली ती बाह्या दुमडून, चष्मा दोरीने गळ्यात अडकवून. नवऱ्याने सगळी हत्यारं मांडून ठेवली होती. त्याने पान्याला हात घातला तशी आई म्हणाली, "थांबा. आधी काही सोडायचं नाही, काही बदलायचं नाही. आधी लाइन अर्धी करायची."

"म्हणजे?"

"एक्स्चेंजपासून घर तीन किलोमीटर लांब, मध्ये कुठेतरी बिघाड. सगळी वायर शोधत बसलात तर म्हातारे व्हाल. मध्ये तोडायची आणि ऐकायचं. खरखर या बाजूला की त्या बाजूला? मग उरलेल्याचं पुन्हा अर्धं."

"पण आई, मी सगळं व्हिडिओत दाखवलंय तसंच केलंय हो."

"केलंयत ना. ती गाडी वेगळी, एवढंच."

इंजिन चालू ठेवून आईने अँप्लिफायरमध्ये येणाऱ्या गाण्याच्या दोन बारीक वायरी उपसल्या. कुईकुई थांबली. मग तिने हातभर लांबीच्या वायरने माझा मोबाइल थेट अँप्लिफायरला जोडायला लावला. गाणं लागलं, स्वच्छ, एक ओरखडा नाही.

नवऱ्याचा आ वासला. "म्हणजे अँप्लिफायर गेलेला नाही!"

"गेला असता तर गायला असता का?"

त्या क्षणापासून त्याचा नूर पालटला. आईने मीटरची एक सुई अँप्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला लावली, दुसरी लांब वायरीने थेट बॅटरीच्या वजा टोकाला. गाणं मोठं करायला सांगितलं. "वाचा."

"सव्वा व्होल्ट."

"इथे शून्याला टेकलेलं पाहिजे. बघा, वीज जाड वायरीने मशीनपर्यंत येते आणि गाडीच्या पत्र्यातून घरी परत जाते. तुम्ही तिच्या परतीच्या दाराला कडी लावलीय. मग ती खिडकी शोधते. गाण्याच्या बारीक वायरीतून घुसते, आणि येताना इंजिनची कुईकुई घेऊन येते. वर मशीनला पोटभर मिळत नाही, म्हणून ते चक्कर येऊन पडतं."

तिने आधी बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला. मग डिकीतला अर्थचा स्क्रू उघडायला लावला. नवऱ्याने तो जिवाच्या करारावर आवळलेला होता. निघाला तेव्हा खाली गाडीचा रंग शाबूत, चकचकीत. वायर पत्र्याला कुठे टेकलेलीच नव्हती, रंगावर बसली होती. फक्त स्क्रूच्या आट्यांतून काय ती थोडी वीज जात होती.

आई वाकून बघत म्हणाली, "रंग फार सुंदर आहे हो गाडीचा."

नवऱ्याने कपाळाला हात लावला आणि मग तो इतका हसला, की त्याला डिकीच्या कडेवर बसावं लागलं. तीन आठवड्यांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं.

पण घासायचं काम म्हटलं की तो राजा. पॉलिश पेपर घेऊन त्याने नाण्याएवढी जागा अशी घासली, की पत्रा आरशासारखा झाला. जुनी लांबलचक वायर फेकून आखूड आणि जाड वायर लावली, बोल्टने आवळली, वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस चोपडलं. फ्यूज परत घातला. मीटरने शून्यावर चार शतांश दाखवले. आवाज कितीही वाढवला तरी लाल दिवा लागेना.

"झालं!" नवरा ओरडला.

"आहे अजून," आई म्हणाली. "डासासारखी."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. नवऱ्याने स्पीकरला कान लावला, श्वास रोखला, आणि मान हलवली. होती.

मग आईने गालिचा पुढून मागपर्यंत उचलायला लावला. खाली बॅटरीची जाड वायर आणि गाण्याच्या बारीक वायरी शेजारी शेजारी झोपवून दर वीतभर अंतरावर टेपने नेटक्या बांधलेल्या. "किती निगुतीने बांधलंत!" आई म्हणाली. "सासूसुनांना एका खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावलंय. आवाज येणारच. एकीला त्या बाजूने न्या, दुसरीला या बाजूने."

त्यात दुपार झाली. कुणालाही भूक लागली नाही. शेवटी नवऱ्याने इंजिन चालू केलं, आवाज पुरता वाढवला आणि गाणं थांबवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. इंजिनाची घरघर बाहेरून येत होती, आत चिडीचूप.

आईने हात वर केला आणि एक्स्चेंजमध्ये म्हणायची तशी म्हणाली, "लाइन साफ."

वाटाणे मात्र अजून वाजत होते. आई थोडा वेळ ऐकत बसली आणि म्हणाली, "इथे मला दोन कान लागतील आणि माझ्याकडे एकच आहे. तेव्हा हे डोळ्यांनी बघू." घरातल्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल तिने मला काढून आणायला सांगितला. चारही दारांच्या स्पीकरच्या जाळ्या काढल्या. मग ती डिकीतल्या अँप्लिफायरमधून एकेका स्पीकरच्या वायरी सोडवून त्यांना तो सेल क्षणभर टेकवायची, आणि नवरा स्पीकरला नाक लावून त्याचा पडदा कुठे हलतो ते बघायचा.

"बाहेर," तो म्हणाला. दुसरा, तिसरा. "बाहेर." मग पुढच्या डाव्या दाराशी गेला. "आत."

"नक्की?"

"केसभर काच हलली तरी मला दिसते, आई. आत गेला."

"मग याच्या अधिक-उणे उलट्या लागल्यात. तीन जण पुढे ढकलतायत, हा मागे ओढतोय. ढोल वाजणार कसा?"

दोन वायरींची अदलाबदल, एवढंच काम. सगळं परत जोडलं, अँप्लिफायरवरचं आवाजाचं जे बटण नवऱ्याने शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं ते आईने अर्ध्यावर आणलं, आणि गाणं लावलं.

ढोल आला. पाठीवर कुणी मायेने थाप मारावी तसा आला. गाणारी बाई काचेपलीकडे उभी राहून गातेय असं वाटलं, तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खिडकी उघडली, आम्हाला वाटलं आता रागावणार, तर त्यांनी वरून ओरडून विचारलं, "पुन्हा लावता का ते?" नवऱ्याने नणंदेला फोन लावला, एक शब्द न बोलता मोबाइल स्पीकरपुढे धरला आणि अख्खं गाणं तिला ऐकवलं.

सोमवारी त्या मिस्त्रीच्या दुकानात जाऊ नकोस म्हणून मी त्याला सांगून थकले. तो गेलाच, आणि आईला घेऊन गेला. मी नुसती गंमत बघायला गेले. मिस्त्रीने गाडीत बसून ऐकलं. आवाज वाढवला, इंजिन वाढवलं.

"नवीन घेतलात?"

"तोच आहे."

"कुणी केलं मग?"

नवऱ्याने पुढचं दार उघडून धरलं. "ह्यांनी. माझ्या सासूबाई."

मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असाव्यात, पण तो वाईट माणूस नव्हता. त्याने आईला खालून वर बघितलं आणि कोपऱ्यातल्या, छपरावर पाटी असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीकडे बोट केलं. "ही चार दिवस माझ्या उरावर बसलीय. डावीकडचा आवाज येतो-जातो. दोनदा स्पीकर बदलला."

"खड्ड्यात जातो का?" आईने विचारलं.

मिस्त्री थबकला. "हो. खड्ड्यातच जास्त."

आईने त्याच्याच हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, उलटा धरला आणि लाकडी मुठीने गाडीच्या आत, वायरीच्या वाटेने हळूहळू ठोकत गेली. पुढच्या पॅनेलखाली टकटक केली, तसा आवाज गेला. पुन्हा टकटक, आला. तिथलं झाकण काढलं तर दोन वायरी नुसत्या पीळ देऊन टेपमध्ये गुंडाळलेल्या. ओढल्याबरोबर सुटून हातात आल्या.

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांतल्या एकाने टाळी वाजवली, मग बाकीच्यांनीही. आई लाजली नाही. तिने मिस्त्रीला स्क्रूड्रायव्हर परत दिला आणि म्हणाली, "नुसता पीळ टिकत नाही. कथलाचा डाग द्या याला."

मिस्त्रीने डाग दिला. मग आपलं स्वतःचं स्टूल फडक्याने पुसून तिच्यापुढे ठेवलं. "बाई," तो म्हणाला, "बुधवारी येता का? शनिवारी गर्दी असते, तेव्हापण आलात तर फार बरं."

पहिल्या बुधवारी आई संध्याकाळी घरी आली. हात काळे, केसांत गालिच्याचे धागे. जेवताना तिने तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि चार गाड्यांच्या चार गोष्टी सांगितल्या, हातवाऱ्यांसकट. नवरा मध्येमध्ये प्रश्न विचारत होता, साध्या आवाजात, आणि ती ताटाच्या कडेला बोटाने वायरींची आकृती काढून दाखवत होती.