पंगतीतला शेवटचा माणूस

आमच्या मुरूम गावात पंगतीचा एक कायदा आहे. शेवटच्या माणसाचं होईस्तोवर कुणी उठायचं नाही. अन् शेवटचा माणूस ठरलेला, आमचे शेजारी महालिंगप्पा. घासामागं घोटभर पाणी, मग मान ताणायची, खांदे वर उचलायचे, तेव्हा कुठं पुढचा घास. मी ओरडायचो, "अप्पा, हात वाळत्यात की!"

"थांब रे, गाडी तुळजापूरच्या घाटात अडकलीय."

पंगत हसायची.

पुढं पाणीसुद्धा अडकायला लागलं. उमरग्याला दुर्बीण घातली, तर अन्ननळीत गाठ न्हाय, जखम न्हाय. झालं! अप्पांचे नखरे आहेत असं सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं. अप्पांची बायको, गंगम्माकाकू म्हणाल्या, "माझा सैपाक आता म्हातारपणी नडायला लागला व्हय?" आडवं झालं की खाल्लेलं उशीवर यायचं, म्हणून अप्पा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे.

धोतर कमरेवर राहीना, तेव्हा सोलापूर गाठलं. मी सोबत होतो. पांढरं औषध पाजून फोटो काढले, मग नाकातून बारीक नळी घालून आतला जोर मोजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अन्ननलिका घास खाली ढकलत नाही, आणि पोटाच्या तोंडाची झडप उघडत नाही. दुर्बिणीत हे चटकन कळत नाही."

"मग ढकलायचं औषध द्या की."

"तसं औषध नाही, आजोबा. झडप तेवढी सैल करता येते."

"नातीच्या लग्नात पंगतीला बसता आलं, की बास झालं बघा."

फुगा घालून झडप ताणली. घरी आल्यावर अप्पांनी शेंगाचटणीसंगं अख्खी भाकरी खाल्ली अन् काकू पदरात तोंड घालून रडल्या. पण दिवाळीनंतर झडप परत आवळली. दुसरा फुगाही टिकला नाही. ऑपरेशन करावं, तर अन्न फुप्फुसात उतरून उतरून छाती खराब झालेली. भूल झेपणार नव्हती. शेवटी पोटाला भोक पाडून नळी बसवली. आता काकू त्यातूनच पेज सोडतात.

परवा नातीचं, शिवप्रियाचं, लग्न झालं. अप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. गव्हाच्या खिरीची, हुग्गीची बादली आली तसा त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "वाढू नका. पान टाकून उठायचं पाप नको."

आम्ही जेवलो. जेवलो कसलं, गिळलं. सगळ्यांचं झालं तरी सवयीनं अख्खी पंगत अप्पांकडं बघत बसून राहिली. त्यांचं पान कोरडं.

"उठा की रे," अप्पा म्हणाले, "हात वाळत्यात."