सुगंधाने काढून घेतलेले आठ प्रोसेसर

सुगंधा परब मरोळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चिकटली ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून. वय वीस. वडील गुणाजी गिरणी बंद पडल्यावर नाहूरला एका सोसायटीत वॉचमन झाले होते, त्यानंतर घरात आलेली तिचीच पहिली पक्की नोकरी. फोनवर कुणाला नाही म्हणायचं नाही, हे तिला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं आणि ते तिच्या अंगात मुरलं. पुढे टेलिफोनचा बोर्डच निघाला. तिने मुलुंडला संध्याकाळचे क्लास केले, बाहेरून येणाऱ्या इंजिनियर लोकांच्या शेजारी बसून शिकत गेली, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी लॅबची सर्व्हर रूम तिच्या ताब्यात होती.

त्या खोलीत मोठा सर्व्हर एकच होता. पण त्याच्या पोटात पाच वेगवेगळे कॉम्प्युटर असल्यासारखी पाच व्हर्च्युअल मशीन चालत. नमुन्यांची नोंदणी एकावर, रिपोर्ट दुसऱ्यावर, असं. खरे प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, सगळे मिळून सोळा. कुठल्या मशीनला किती द्यायचे, तो आकडा सुगंधा ठरवायची.

ठरवायची म्हणजे, मागतील तेवढे द्यायची. रिपोर्ट विभागाचा राजेश फेब्रुवारीत आला, मशीन जड चालतंय म्हणाला. तिने चाराचे आठ केले. महिन्याने परत आला, तेव्हा बारा. ते ऐकून नोंदणीच्या सपनाने मागितले, तिलाही मिळाले. खरे सोळाच, पण सर्व्हर जास्तीचा आकडा अडवत नाही; कागदावर सगळ्यांची बेरीज चौतीस झाली होती.

जुलैपर्यंत सगळीच मशीन रखडायला लागली. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन गेलेल्यांचे रिपोर्ट अकराला मिळायचे, ते एकला मिळू लागले. एकदा डायलिसिसच्या पेशंटचा रिपोर्ट दोन तास अडकला आणि त्याची बायको तेवढा वेळ काउंटरपाशी उभी राहिली. लॅबच्या प्रमुख डॉक्टर वसुधा मॅडम आवाज चढवून बोलल्या नाहीत. हे कशामुळे होतंय ते शोधा, एवढंच म्हणाल्या. सुगंधाला मात्र त्या बाईचा चेहरा घरी जाईपर्यंत दिसत राहिला.

कुठलं मशीन किती प्रोसेसर खरंच वापरतं, त्याचे ग्राफ लावून ती दोन दिवस बसली. रिपोर्टचं मशीन बारापैकी जेमतेम तीन प्रोसेसरचं काम करत होतं. उरलेला वेळ ते काम हातात घेऊन नुसतं ताटकळत होतं. बारा प्रोसेसरच्या मशीनला पुढे सरकायचं तर बरेच खरे प्रोसेसर साधारण एकाच वेळी मोकळे लागतात, आणि सोळांत तेवढे मोकळे होणार कधी? ते थांबायचं, त्याच्यामुळे बाकीची थांबायची. सगळ्यांना जास्त देऊन तिनेच सगळ्यांना एकमेकांच्या वाटेत उभं केलं होतं.  हे लक्षात आल्यावर ती उठून राजेशकडे गेली.

"तुझे आठ काढून घेते. चार राहतील."

राजेशला वाटलं ती थट्टा करतेय. "सुगंधाताई, आधीच वाट लागलीय. त्यात अजून कमी?"

"चूक माझी आहे. तू मागत गेलास आणि मी न बघता देत गेले. तुझं मशीन काम कमी करतं आणि वाट जास्त बघतं. हे बघ." तिने ग्राफ पुढे धरला.

त्याने बघितला, पण त्याला पटलं नाही. तो थेट मॅडमकडे गेला, मागोमाग सुगंधाही. चुकलं तर काय, असं मॅडमनी विचारलं. पाच मिनिटांत परत बारा करीन, ती म्हणाली. त्यांनी होकार दिला.

आकडा कमी करायला मशीन बंद करावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, गर्दी ओसरल्यावर, तिने ते बंद केलं, बाराच्या जागी चार टाकले आणि चालू केलं.  राजेश हाताची घडी घालून मागे उभा होता. मशीन उठलं, तसा तो खुर्चीवर बसला आणि त्याने एक अडलेला रिपोर्ट उघडला. लगेच उघडला. त्याने दुसरा उघडला, मग तिसरा. तो साठलेले रिपोर्ट भराभर सोडू लागला, आणि सुगंधा दारातून निघाली तेव्हा मान न वळवता म्हणाला, "ताई, सपनाचेपण कमी कर मग."

आठवड्याभरात बाकीच्या मशीनचे आकडेही खाली आले. रिपोर्ट परत अकराला मिळू लागले.

सप्टेंबरमध्ये डेंग्यूची साथ आली, नमुने दुप्पट झाले आणि राजेश पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी तिने लगेच हो म्हटलं नाही. आठ दिवसांचा ग्राफ काढला. चारही प्रोसेसर सकाळभर खरोखरच भरलेले होते.

"दोन देते," ती म्हणाली.

"दोनच?"

"दोनच. सोमवारी परत बघू."

सोमवारी तिने स्वतःच बघितलं. सहा पुरत होते. तिने राजेशला तसं फोनवर कळवलं आणि ती नोंदणीचा ग्राफ उघडून बसली.