मधमाश्या: भरपूर

काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेत मी नागपूरहून सरकारी पाहणीला गेलो होतो. यंदा आमच्या फॉर्मात मधमाश्यांसाठी नवा रकाना आला होता. भर दुपार होती, आंबिया बहार फुललेला. आत शिरताच घूंऽऽ असा आवाज कानी आला. मी खूश होऊन रकान्यात लिहिलं, ‘भरपूर’.

चार झाडं ओलांडली, तर बागेचा म्हातारा राखणदार दिसला. मिटल्या ओठांनी तोच घुमत होता. फांदी ओढायचा, फुलांशी तोंड न्यायचा, हलकेच सोडायचा, मग दुसरी.

“काय करून राहिले हे, बाबा?”

तो माझ्या कानाशी आला. “फवारणीपासून माश्या येऊनच नाही राहिल्या, साहेब. पण फुलायले मालूम नाही पडलं पाहिजे.”

कोणती फवारणी, हे मी विचारलं नाही. तिचं वेळापत्रक मीच गावात वाटलं होतं.

तो पुन्हा घुमू लागला. मग दम घ्यायला थांबला, तेव्हा कळलं, अख्ख्या बागेत दुसरा आवाजच नव्हता.

मी ‘भरपूर’ खोडायला पेन टेकवलं. कागदावर खर्रकन वाजलं, तशी त्याने घाईने ओठांवर बोट ठेवून फुलांकडे पाहिलं.