मामांच्या वाडीची चावी

कॉम्प्युटरमध्ये वसवलेल्या त्या आभासी जगात लाखो माणसं वावरत असतील, पण त्यात माझ्या मामांइतका अस्सल गावकरी दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. एरवी मामा आपलं चिंचणी गाव सोडून कुठे म्हणून राहिले नाहीत. पुण्याला लेकीकडे गेले, तरी तिसऱ्या दिवशी "चिकूला पानी द्यायचं हाय" म्हणून पिशवी उचलायचे. मामी गेल्यावर मात्र ते ओटीवर नुसते बसून राहू लागले. लेक घाबरली. तिने कॉम्प्युटर आणून दिला आणि त्या जगात मामांच्या नावाने एक रिकामी जागा मिळवली. तिथे माणूस हवं ते रूप घेतो, घर बांधतो, झाडं लावतो, देशोदेशीच्या लोकांशी बोलतो. आपण मराठीत लिहिलं की ज्याला त्याला ते आपापल्या भाषेत दिसतं. रूप निवडताना मामांपुढे राजपुत्र होता, अंतराळवीर होता, पंखवाला सिंहसुद्धा होता. मामांनी अख्खी सकाळ खर्चून टक्कल, पांढरी मिशी आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा जमवला. "उद्या गावातला कोन भेटला तर वळख नको पटायला?" म्हणाले.

त्या जगात सगळे उडतात. मामा चालतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "उडत गेलो तर वाटेत कोन भेटनार?" तिथल्या घरांना कड्याकुलपं नसतात, कुणीही थेट दिवाणखान्यात उतरावं अशी रीत. मामा दाराबाहेर चपला काढून "कोन हाय का घरात?" असं लिहायचे आणि उत्तर येईपर्यंत उभे राहायचे. एका महालापुढे तर ते पाऊण तास ताटकळले आणि इकडे खरा चहा गार झाला. नव्या जागी राहायला गेलं की आजूबाजूच्या घरी काहीतरी घेऊन जायचं, ही चिंचणीची पद्धत. पण त्या जगात मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत चिकू नव्हता. मामांनी बटाटे उचलले आणि चिकू म्हणून अकरा घरी वाटले. शेजारी निळ्या केसांची एक बाई राहायची, कुठल्याशा बर्फाच्या देशातली. तिला यांनी पहिला प्रश्न केला, जेवलात का? ती म्हणाली, आमच्याकडे आत्ताच उजाडलं. मामांनी लगेच विचारलं, मग नाश्ता झाला का? ही माणसं तिथे वर्षानुवर्षं शेजारी होती आणि एकमेकांना ओळखत नव्हती. महिन्याभरात सगळी मामांच्या तिथल्या ओटीवर जमू लागली.

आणि मग मामांनी त्या अकराही घरांना तिथे लावलेल्या आपल्या वाडीची चावी देऊन टाकली. तिथली चावी कुलपाची नसते, परवानगीची असते; ज्याच्याकडे चावी, तो तुमच्या जागेत काहीही करू शकतो. झाडाला पाणी घालू शकतो, तसंच घरही पाडू शकतो. चावी कुणाला देऊ नका, हे तर तिथल्या माहितीपत्रकाचं पहिलंच वाक्य! माझा पारा चढला. "मामा, ही माणसं कोण, कुठली, तुम्हाला माहीत तरी आहे का? एका दिवसात वाडी साफ करतील!"

"अरे, चावी शेजाऱ्याकडं नाय ठेवायची, तर शेजारी पायजे कशाला?"

वाडी खरोखर देखणी होती. चिंचणीच्या चिकूच्या वाडीसारख्याच झाडांच्या ओळी, तशीच विहीर आणि विहिरीजवळ एक झाड. खऱ्या वाडीत त्या झाडाखाली बसून मामी चिकू निवडायच्या. इथे मामांनी तिथे एक बाक ठेवला होता. रोज संध्याकाळी ते त्या बाकावर जाऊन बसत.

अशात मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, पाच आठवडे कॉम्प्युटरकडे बघायचंसुद्धा नाही. आणि त्या जगाचा नियम असा, की तीस दिवस झाडांना पाणी मिळालं नाही तर जागा सपाट करून दुसऱ्याला देतात. मामांनी आपला पासवर्ड मला कागदावर लिहून दिला. "आठवड्यातनं एकदा पानी घाल. मामीच्या झाडाला आधी." मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं, कागद पाकिटात ठेवला आणि कारखान्याच्या शिफ्ट बदलण्यात साफ विसरलो. तेहतिसाव्या दिवशी कंपनीच्या बसमधून घरी येताना, बेटेगावच्या अलीकडे, पाकिटात काहीतरी शोधताना तो कागद हाती लागला. मामी गेल्या तेव्हाचा ओटीवरचा मामांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

बोईसरच्या खोलीवर पोचलो आणि बूटही न काढता कॉम्प्युटर लावला. वाडी हिरवीगार होती! फाटकाबाहेर अंतराळवीराचे बूट आणि राजपुत्राच्या मोजड्या ओळीने काढून ठेवलेल्या. मामीच्या झाडाला निळ्या केसांची बाई अनवाणी पाणी घालत होती. मी मामांच्या रूपात, त्यामुळे ती धावतच आली. "आलात? डोळा कसा आहे? जेवलात का?"

मी भाचा आहे, असं कसंबसं लिहिलं. ती म्हणाली, "त्यांनी जाण्याआधी घरोघरी येऊन सांगितलं होतं. आम्ही पाळ्या लावल्यात. तुम्ही फक्त डोळ्याचं सांगा." मला रडू आलं. लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी चिंचणीला जाऊन मामांपुढे सगळं कबूल केलं. काळ्या चष्म्याआडून मामा हसले. "तू विसरनार हे मला ठावं होतं. शिफ्टवाला मानूस तू. म्हनून तर त्यांना सांगून आलेलो."

"मग मला कशाला सांगितलंत?"

"भाचा ना तू. तुला नाय सांगायचं तर कोनाला?" मग विचारलं, "बोईसरला तुझी चावी कोनाकडं असते रे?"

चावी माझ्या खिशात होती. चार वर्षं ती तिथेच असते. निघताना मामांनी पिशवीत चिकू भरले, मी एकटा कधी खाऊन संपवणार नाही इतके.

बोईसरला तिसऱ्या मजल्यावर आल्यावर मी माझ्या खोलीचं कुलूप उघडलं नाही. चपला काढल्या आणि समोरच्या घराची बेल वाजवली. आतून कुणीतरी "आलो, आलो" म्हणालं. दार उघडेपर्यंत मी त्या दारावरची पाटी वाचत होतो, पहिल्यांदाच.