लिस्बनचा मंगळवार

लिस्बनहून टेरेझाचा फोन आला तेव्हा मी ओरोसच्या बस स्टँडवर भजी खात उभा होतो. टेरेझा म्हणजे तिथली प्रमोटर, कार्यक्रम भरवणारी.

"आपल्या शनिवारला चॅलेंज आलंय," ती म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत हो किंवा नाही."

मी गायकांचे दौरे लावतो. मोठ्या हॉलची तारीख आम्ही आधी नुसती धरून ठेवतो, त्याला होल्ड म्हणतात. तीच तारीख दुसऱ्या कुणाला हवी झाली, की तो चॅलेंज देतो. मग पक्की करा, नाहीतर सोडा.

माझी गायिका दर्शना देवगडजवळच्या मच्छीमार घरातली. तिची मालवणी पॉप गाणी पोर्तुगालात लोक एक अक्षर न कळता गातात. तिथला हा तिचा पहिला स्वतंत्र शो. आणि मी अडलो होतो तिच्या गावच्या जत्रेपाशी. ही जत्रा पंचांगात नसते. देवीला कौल लावतात, ती सांगेल तो दिवस. वडील गेल्यापासून घरच्या मानाची ओटी दर्शनानेच भरायची. गेल्या वर्षी दौऱ्यापायी ती चुकली, तर आई महिनाभर फोनवर बोलली नाही. यंदा चुकवणार नाही, असा पोरीने शब्द दिला होता.

"तुमच्या तारखा ठरवतं तरी कोण?" टेरेझा वैतागली.

"देवी."

"मग तिचा ईमेल दे."

मी तडक दर्शनाचं गाव गाठलं. जत्रेचे मानकरी तात्या अंगणात जाळं सांधत होते. दर्शना आणि तिची आईही तिथेच येऊन बसल्या.

"तात्यानू, तारीख कधी कळतली?"

"देवी सांगात तेवा."

"कायतरी अंदाज द्या."

"देवीचो अंदाज मी कसो देवचो?" तात्यांनी सुई थांबवली. "जत्रा कधी, ता माका ठावक नाय. कधी नाय, ता ठावक आसा. ता खंय इचारलंस?"

"कधी नाय?"

"अवसेच्या आधी तीन दिस आणि मागसून तीन दिस. आजवर कधी घेवक नाय."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे धावलो. शनिवारनंतर दहा दिवसांनी अमावास्या, मंगळवार. हॉलही मोकळा, कारण मंगळवार कुणालाच नको असतो. आमच्या धंद्यात मंगळवार म्हणजे रिकाम्या खुर्च्या. मी घुटमळलो.

"शनवार सोडा, काका," दर्शना म्हणाली. "मंगळवार घेवया. खुर्चे रिकामे ऱ्हवले तर ऱ्हवांदेत."

आई आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली.

पुढे कौल लागला. देवीने दिवस दिला, नेमका तोच शनिवार! आदल्या महिन्यात 'हो' म्हणून बसलो असतो तर तोंड कुठे लपवलं असतं?

शनिवारी दर्शना अनवाणी रांगेत उभी होती, हातात ओटीचं ताट, शेजारी आई. आई अखंड बोलत होती. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? आणि त्या मंगळवारी लिस्बनचा हॉल भरला, मागच्या चार रांगा सोडून.

बावीस वर्षं मी लोकांना तारखा विचारतोय. ज्याला तारीख विचारता येत नाही, त्याला निदान सुट्टी तरी विचारावी, एवढं सुचलं नव्हतं. टेरेझा आता होल्ड टाकण्याआधी माझ्याकडे वर्षाच्या अमावास्यांची यादी मागते.